प्रोसेसरची पूर्ण ताकद मिळण्यासाठी मदरबोर्ड आणि रॅम कशी निवडावी

एप्रिलमधल्या ऐन लग्नसराईत मिरजेतील एका स्नेह्यांचा फोन आला. लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करण्याचा त्यांचा व्यवसाय आहे आणि त्यासाठी त्यांनी नुकताच नवा संगणक असेंबल करून घेतला होता. "दादा, आय-सेव्हन घेतलाय, तरी रेंडरला अख्खी रात्र जातीय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या स्टुडिओत गेलो. प्रोसेसर इंटेलचा आय७-१३७००, म्हणजे सोळा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होता. मदरबोर्ड एच६१० चिपसेटचा, व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, उष्णता शोषून घेणारा धातूचा हीटसिंकही नसलेला. आणि रॅम म्हणून सोळा जीबीची एकच स्टिक बसवलेली होती. रेंडर, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे, सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा चालण्याचा वेग, साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास राहिला आणि मग उतरत उतरत अडीचच्या खाली गेला. प्रोसेसरचे तापमान मात्र साठ-पासष्ट अंशांपलीकडे जात नव्हते. कॅबिनेटचे झाकण काढून टेबलफॅनचा झोत थेट बोर्डावर सोडला, तेव्हा पडद्यावरचा आकडा हळूहळू पुन्हा चारच्या दिशेने चढू लागला. म्हणजे तापत होता तो प्रोसेसर नव्हे, तर त्याला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग.

प्रोसेसर घेताना आपण खोक्यावरचा कमाल वेग पाहतो. परंतु तो वेग टिकवून धरणे हे बोर्डाचे काम आहे आणि प्रोसेसरला सतत काम पुरवत राहणे हे रॅमचे. ज्यांनी आपल्या भागातला साखर कारखाना गळीत हंगामात जवळून पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कारखान्याची गाळप क्षमता कितीही टनांची असो, गव्हाणीत ऊस वेळेवर पडला नाही तर यंत्रे फिरत राहतात आणि गाळप 'नो केन'मध्ये जाते, म्हणजे उसाअभावी थांबते. रॅम ही प्रोसेसरची गव्हाण आहे, आणि प्रोसेसरमधली कॅश, म्हणजे त्याच्या आतलाच छोटा पण वेगवान साठा, हा कारखान्याच्या आवारात आधीच येऊन उभा राहिलेला ऊस.

सॉकेट आणि चिपसेट

सॉकेट म्हणजे प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती जागा. ती जुळली नाही तर पुढचा सारा विचार व्यर्थ आहे. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीसाठी एलजीए१७०० हे सॉकेट आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी एलजीए१८५१. एएमडीकडे रायझनच्या जुन्या पिढ्यांसाठी एएम४ आणि २०२२ च्या सप्टेंबरपासून, म्हणजे रायझन ७००० मालिकेपासून, एएम५. एएम५ आणि एलजीए१८५१ या दोन्हींवर फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते, एएम४ वर फक्त त्याआधीची डीडीआर४. एलजीए१७०० चे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, पण बहुतेक बोर्डांवर त्यांपैकी एकच प्रकार बसतो. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. ती दाबून बसवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. पुढे केवळ प्रोसेसर बदलून वेग वाढवण्याचा विचार असेल, तर आज एएम५ हा अधिक दूरदृष्टीचा पर्याय आहे, कारण या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे.

चिपसेट, म्हणजे बोर्डावरची नियंत्रक चिप, ठरवतो की बोर्ड आपल्याला काय करू देईल. इंटेलच्या एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅमचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे नेता येत नाही, त्यामुळे त्यावर महागडी ३६०० ची (हा रॅमच्या वेगाचा आकडा) डीडीआर४ रॅम लावली तरी ती ३२०० वरच चालते. बी६६० आणि बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो. झेड६९० आणि झेड७९० वर नावात 'के' असलेल्या प्रोसेसरचा वेगही वाढवता येतो. एएमडीच्या बी६५० आणि बी८५० वर दोन्हींची मुभा आहे, तर ए६२० वर रॅमची आहे, प्रोसेसरची नाही. माझे स्पष्ट मत असे, की 'के' नसलेल्या इंटेल प्रोसेसरसाठी झेड मालिकेचा बोर्ड घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे; त्याच पैशांत चांगल्या व्हीआरएमचा बी७६० आणि रॅमची चांगली जोडी येते.

व्हीआरएम

हा भाग ग्राहक जवळजवळ कधीच विचारत नाहीत, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, बोर्डाला बारा व्होल्टची वीज मिळते, प्रोसेसरला मात्र साधारण एक ते दीड व्होल्टच लागतात. हे रूपांतर करणारे मंडल म्हणजे व्हीआरएम. सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला चौकोनी चोकची (तारेची गुंडाळी असलेल्या ठोकळ्यांची) जी रांग दिसते, ते हेच. आय७-१३७०० चा मूळ आकडा ६५ वॅट असला तरी त्याची कमाल टर्बो मर्यादा इंटेलने २१९ वॅट दिलेली आहे. १.३ व्होल्टला २१९ वॅट म्हणजे सुमारे १६८ अँपियर झाले. शेतातल्या पाच एचपीच्या थ्री-फेज मोटारीला सात-आठ अँपियर लागतात, हे आपल्याकडे कोणताही शेतकरी सांगेल. व्होल्टेज वेगळे असले तरी वाहकातून निर्माण होणारी उष्णता अँपियरवर अवलंबून असते, आणि येथे तर ते अँपियर मॉसफेट नावाच्या नखाएवढ्या चिपमधून जातात. रूपांतरात दहा टक्के गळती धरली तरी वीसेक वॅट उष्णता हीटसिंक नसलेल्या त्या तुकड्यांवरच साचते. मर्यादा ओलांडली की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरला वेग कमी करण्याची सूचना देतो.

म्हणून बोर्ड निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की आपला प्रोसेसर प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती वॅट घेतो. इंटेलच्या बाबतीत 'कमाल टर्बो पॉवर' हा आकडा पाहावा: आय५-१२४०० साठी तो ११७ वॅट आहे, आय५-१३४०० साठी १४८, आय९-१३९००के साठी २५३. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ वर ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत, १०५ वॅटचा १४२ पर्यंत आणि १७० वॅटचा २३० वॅटपर्यंत जातो. शंभर-सव्वाशे वॅटपर्यंतच्या प्रोसेसरला साधा बोर्ड चालतो, तरीही व्हीआरएमवर किमान एक हीटसिंक असावा. त्यापुढे मात्र सॉकेटच्या दोन्ही बाजूंना भरीव, पट्ट्या पाडलेले हीटसिंक आणि आठ किंवा त्याहून अधिक फेज (विजेचा भार वाटून घेणारे व्हीआरएमचे समांतर भाग) असलेला बोर्डच घ्यावा. फेजची संख्या ही एकमेव कसोटी मानू नये, कारण एकाच फेजवर दुप्पट घटक लावून आकडा फुगवलेला असू शकतो. प्रत्येक मॉसफेट किती अँपियरचा आहे, हे उत्पादकाच्या पानावर लिहिलेले असेल तर ते अवश्य वाचावे. जो उत्पादक ५० किंवा ६० अँपियरचे घटक वापरतो, तो ते आवर्जून लिहितो.

येथे हवामानाचा मुद्दाही आहे. बोर्डांची परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोलीत होतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या घरात जातो आणि पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात तो त्याहून वर असतो. खोलीतले हे वाढीव तापमान व्हीआरएमच्या तापमानात जवळजवळ जसेच्या तसे मिळवले जाते. त्यामुळे परीक्षणात जो बोर्ड 'जेमतेम चालतो' असे म्हटलेले असते, तो आपल्याकडे चालत नाही असे समजावे. काचेच्या बंद दर्शनी भागाच्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे कॅबिनेट घ्यावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यातली धूळ ब्लोअरने काढावी.

क्लॉक खाली आला म्हणजे दोष व्हीआरएमचाच, असेही नाही. काही बोर्ड दीर्घकाळासाठीची मर्यादा मुळातच ६५ वॅटवर ठेवतात. तेव्हा साधारण अर्ध्या मिनिटानंतर वॅटचा आकडा बरोबर ६५ वर येऊन स्थिरावतो. तसे दिसले तर ती बायोसमधली (बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममधली) सेटिंग आहे, आणि बोर्ड व कूलर सक्षम असतील तर ती वाढवता येते. आकडा स्थिर न राहता तापमानासोबत वर-खाली होत असेल, तर ते व्हीआरएमचे लक्षण आहे. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

रॅम: आधी क्षमता, मग जोडी, मग वेग

रॅम अपुरी पडली तर संगणक रॅममधली माहिती एसएसडीवर, म्हणजे साठवणुकीच्या डिस्कवर, लिहू लागतो आणि मग रॅमच्या वेगाला काही अर्थ उरत नाही, म्हणून क्षमतेचा निर्णय सर्वांत आधी घ्यावा. कार्यालयीन कामाला सोळा जीबी पुरतात. व्हिडिओ, मोठी कॅड रेखाटने किंवा नवे गेम असतील तर बत्तीस घ्यावेत.

ही क्षमता नेहमी दोन स्टिकमध्ये विभागून घ्यावी. सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरला रॅमचे दोन चॅनल, म्हणजे माहितीच्या दोन वाटा, असतात आणि प्रत्येकाची रुंदी ६४ बिट असते. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनलमधून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाऊ शकते, दोन्हींमधून ५१.२. सोळा जीबीची एकच स्टिक लावणे म्हणजे गव्हाणीचा अर्धा पट्टा बंद ठेवणे होय. काही विक्रेते सांगतात, की डीडीआर५ ची एक स्टिक स्वतःच ड्युअल चॅनल असते. हे अर्धसत्य आहे. डीडीआर५ च्या स्टिकवर ३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात, परंतु त्यांची बेरीज ६४ च होते. पूर्ण रुंदीसाठी तेथेही दोन स्टिकच हव्यात. बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डाच्या पुस्तिकेत ते दिलेले असते. मी पाहिलेल्या कितीतरी संगणकांत दोन्ही स्टिक शेजारी शेजारी, एकाच चॅनलवर बसवलेल्या होत्या.

डीडीआर५ मध्ये आणखी एक बारकावा आहे, जो बिलावर कुठेच दिसत नाही. आठ जीबीच्या स्टिकवर बहुधा चारच रुंद चिप असतात आणि त्यांच्यात बँक गटांची (माहिती साठवणाऱ्या कप्प्यांच्या गटांची) संख्या निम्मी असते, त्यामुळे लिहिलेला वेग तोच असूनही ती सोळा जीबीच्या स्टिकपेक्षा मागे पडते. डीडीआर५ वर आठ-आठची जोडी नाइलाजानेच घ्यावी. सोळा-सोळाची जोडी हा तिथला खरा आरंभबिंदू आहे.

आता वेग. जाहिरातीत ३२००, ५६००, ६००० असे आकडे ठळक असतात आणि सीएल (पहिला प्रतिसाद यायला लागणारी रॅमच्या क्लॉकची आवर्तने) हा आकडा बारीक अक्षरांत असतो, पण दोन्ही एकत्र वाचावे लागतात. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की पहिला प्रतिसाद किती नॅनोसेकंदांत येतो ते कळते. डीडीआर४-३२०० सीएल१६ चे उत्तर १० नॅनोसेकंद येते, तर त्याच वेगाच्या पण सीएल२२ च्या स्वस्त स्टिकचे १३.७५. डीडीआर५-६००० सीएल३० चेही उत्तर १० च आहे, आणि डीडीआर५-४८०० सीएल४० चे मात्र साडेसोळाच्या वर. दुकानात उभे राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशेब करायला दहा सेकंद लागतात आणि तो करणाऱ्या ग्राहकाशी विक्रेताही अधिक जपून बोलतो.

एएम५ वर ६००० हा वेग बहुतेक प्रोसेसरना सोयीचा पडतो, कारण तिथपर्यंत मेमरी कंट्रोलर, म्हणजे प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग, रॅमच्या बरोबरीने धावू शकतो. ६४०० च्या पुढे गेल्यावर सहसा कंट्रोलरला निम्म्या गतीने चालावे लागते आणि प्रतिसादाचा वेळ वाढतो. त्यामुळे ७२०० ची महाग रॅम तिथे ६००० पेक्षा सरस ठरेलच असे नाही. एएम४ वरील रायझन ३००० आणि ५००० साठी हेच स्थान ३६०० चे आहे. इंटेलच्या एलजीए१७०० वर डीडीआर४ घ्यायची असेल तर ३२०० सीएल१६ ची जोडी निर्धोकपणे घ्यावी.

चार स्टिक लावण्याचा मोह टाळावा. रायझन ७००० ची रॅमची अधिकृत मर्यादा दोन स्टिकसाठी ५२०० आहे, आणि चार लावल्या की ती ३६०० वर येते. 'आता दोन घेऊ, पुढच्या दिवाळीला आणखी दोन टाकू' हा आपल्याकडचा नेहमीचा बेत डीडीआर५ वर अंगाशी येतो. तसेच दोन स्टिक एकाच किटमधल्या, एका खोक्यातल्या असाव्यात. सुट्या घेतलेल्या दोन स्टिकचे नाव एक असले तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

हा सारा खर्च प्रत्येकाला सारखा फळत नाही. सांगलीच्या गणपती पेठेतल्या हळदीच्या व्यापाऱ्याला टॅली आणि बिलिंगसाठी एच६१० बोर्ड आणि आठ-आठची डीडीआर४ जोडी पुरेशी आहे, त्याने याहून एक रुपयाही अधिक घालू नये. कुपवाड एमआयडीसीतल्या ड्राफ्ट्समनला रेखाटनासाठी एका कोअरचा वेग महत्त्वाचा असतो. त्याने चांगला प्रोसेसर आणि मध्यम बोर्ड घ्यावा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर मात्र दोन स्टिक अनिवार्य आहेत, कारण ग्राफिक्सही त्याच रॅमवर चालते. गेमसाठी एएमडीचा ७८००एक्स३डी घेणाऱ्यांनी रॅमच्या सीएलवर फार पैसे घालू नयेत. त्या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, म्हणजे आवारात ऊस भरपूर आहे. शुद्ध थ्रीडी रेंडरमध्ये रॅमच्या वेगाने विशेष फरक पडत नाही. माझ्या मिरजेच्या स्नेह्यांच्या बाबतीतही मुख्य दोष बोर्डाचा होता, एकट्या स्टिकचा वाटा त्यामानाने कमी होता.

२०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव एकाएकी खूप चढले. अशा वेळी काटकसर करायचीच असेल तर सीएल३० ऐवजी सीएल३६ घ्यावी, पण दोनाऐवजी एक स्टिक घेऊ नये. घरात डीडीआर४ ची चांगली जोडी पडून असेल तर एलजीए१७०० चा डीडीआर४ बोर्ड किंवा एएम४ हा अतिशय शहाणपणाचा मार्ग आहे.

बसवल्यानंतर

रॅम लावली म्हणजे ती लिहिलेल्या वेगाने धावू लागते असे नाही. ६००० ची स्टिक सुरुवातीला ४८०० वर आणि ३२०० ची अनेकदा २१३३ किंवा २४०० वरच चालू होते. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी आणि एएमडीच्या एएम५ वर एक्स्पो हे प्रोफाइल चालू करावे लागते. एएम५ वर नवी डीडीआर५ रॅम लावून पहिल्यांदा संगणक सुरू केला की पडदा काही मिनिटे काळाच राहतो, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. या वेळी पंखे फिरत असतात, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असतो आणि माणूस घाबरून बटण दाबतो. दाबू नये, दहा-पंधरा मिनिटे शांतपणे थांबावे.

बायोस अद्ययावत करणे येथे ऐच्छिक समजू नये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. त्यावरचा ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा सुधारित संच) सप्टेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा त्या पिढीच्या बोर्डावर त्यानंतरचाच बायोस असावा. एएम५ वर २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यावर एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली, म्हणून जुना साठा घेतला असेल तर एक्स्पो चालू करण्याआधी बायोस बदलावा. हे काम नेहमी यूपीएसवर करावे. वळवाचा पाऊस सुरू होण्याच्या सुमारास आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट लिहिला गेलेला बायोस म्हणजे बंद पडलेला बोर्ड. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचे बटण असेल तर पेनड्राइव्हवरून तो पुन्हा उभा करता येतो. खरेदीच्या वेळीच ते बटण आहे का, हे पाहून घ्यावे.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच तपासणी करून घ्यावी. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात. सीपीयू-झेडमध्ये तोच वेग निम्मा दिसतो, म्हणजे ६००० च्या जागी ३०००, तेव्हा त्याने गोंधळून जाऊ नये. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून एकही त्रुटी येता कामा नये. एक जरी आली तरी ती जोडी परत द्यावी. बिलावर 'मदरबोर्ड १ नग, रॅम २ नग' असे न लिहिता पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक लिहून घ्यावेत, अन्यथा वॉरंटीच्या वेळी वादाला जागा राहते. शेवटी, झाकण लावलेल्या कॅबिनेटमध्ये अर्धा तास सर्व कोअरवर भार द्यावा आणि पाचव्या मिनिटाचा व तिसाव्या मिनिटाचा क्लॉक कागदावर लिहून ठेवावा. दोन्हींत शे-दोनशे मेगाहर्ट्झपेक्षा जास्त अंतर असेल तर ते यंत्र घरी नेऊ नये, आणि शक्य असेल तर ही चाचणी भर दुपारी घ्यावी.

मिरजेच्या स्नेह्यांनी दोन्ही बाजूंना हीटसिंक असलेला डीडीआर४ चा बी७६० बोर्ड आणि सोळा-सोळा जीबीची जोडी घेतली. प्रोसेसर तोच ठेवला. आता ते रात्रीच्या जेवणाला उठताना रेंडर लावतात आणि झोपण्याआधी फाइल ग्राहकाच्या पेनड्राइव्हवर उतरलेली असते.